चाल चुकली आहे

१० जानेवारी

प्रिय खारूताई,

मामाचा तुला आशीर्वाद, आणि कळफलकावर तुरुतुरु पळणाऱ्या तुझ्या बोटांना वेगळा.

कामाचं आधी लिहितो, नाहीतर आठवणींत पान भरेल आणि काम राहून जाईल. मला एक वेबसाइट काढून हवी आहे. हसू नकोस. तू दुकानदारांच्या, दातांच्या डॉक्टरांच्या वेबसाइटी करतेस, मग एका म्हाताऱ्याची करायला काय हरकत आहे?

विषय असा. शाळेत आम्ही कविता वाचत नसू, म्हणत असू. सगळा वर्ग एका सुरात. प्रत्येक कवितेला तिची चाल असे, आणि ती कुठे छापलेली नसे. बाईंच्या गळ्यातून निघून ती आमच्या गळ्यात येऊन बसे. शब्द आजही जुन्या पुस्तकांत सापडतील. चाली मात्र आमच्यासारख्या चार गळ्यांत उरल्या आहेत, आणि या गळ्यांचा आता काय भरवसा? माझ्याच गळ्यात हल्ली सुराआधी खोकला येतो. तेव्हा जेवढ्या आठवतात तेवढ्या मी म्हणून ठेवतो. तू त्या जगाला ऐकू जातील अशा जागी मांड.

पहिली 'पवनचक्की' घ्यायची. आमच्या शाळेच्या चौथीची ही कविता:

*टेकडीवरली पवनचक्की ही*
*फिरते कोणासाठी?*
*दळते, हसते, आणि मारते*
*वाऱ्याशी पक्क्या गाठी.*

काय सांगू! मी चौथीत होतो त्या वर्षी बाई तोंडात खडीसाखर धरून शिकवायच्या. शेवटच्या कडव्यात वारा पडतो. तिथे त्या आवाज असा हळूहळू खाली आणत, की खिडकीतली चिमणीसुद्धा मान वाकडी करून ऐके. बाकावर सगळ्यांत पुढे मी, कारण सगळ्यांत बुटका मी.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. तिला आवडणार नाही, आणि आवडलं तरी ती तसं म्हणणार नाही.

उत्तर कागदावरच पाठव. फोनवर तू सांगतेस, मी 'बरं, बरं' म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर काय बरं, ते आठवत नाही.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

मामा,

नमस्कार घे, आणि चष्मा पुसून घे, कारण पुढे सूचना आहेत.

वेबसाइट उभी राहिली. ब्लॉगचं सॉफ्टवेअर वापरलं आहे. म्हणजे घर बांधलेलं तयार, आपण फक्त सामान लावायचं. सोबतच्या चिठ्ठीवर पत्ता, तुझं नाव आणि पासवर्ड आहे. आत शिरलास की डाव्या हाताला 'नवीन लेख' दिसेल. वर कवितेचं नाव लिही, खाली तुझ्या आवाजाची फाइल जोड. मग दोन बटणं आहेत. 'मसुदा जतन करा' दाबलंस तर ते फक्त तुला दिसेल, 'प्रकाशित करा' दाबलंस तर जगाला. खाली लोक प्रतिक्रिया लिहितील. नव्या माणसाची प्रतिक्रिया तू 'मंजूर' म्हटल्याशिवाय बाहेर दिसणार नाही. दारावर कोण आलं ते बघून आत घ्यायचं, एवढंच.

आईला सांगत नाही. पण मामा, दोन वर्षं झाली आता. मी तेव्हा केक कापायला सुरी शोधत होते म्हणून अर्धंच पाहिलं, पण जेवढं पाहिलं तेवढं विसरणं कठीण आहे. आईचा सत्तरावा वाढदिवस, घर माणसांनी भरलेलं, तू उभा राहून पवनचक्की म्हणतोयस, सगळे गप्प. आणि शेवटच्या कडव्याला आईचा आवाज: "चाल चुकली!"

तू म्हणालास, "काय चुकलं?"

"शेवट वर जातो. तू खाली नेलास."

"ताई, वारा पडलाय तिथे. वर कसा जाईल?"

"बाईंना विचार."

"बाई जाऊन किती वर्षं झाली!"

"म्हणून काय चाल बदलते?"

तू हातातली बशी ठेवलीस आणि निघालास. छत्रीसुद्धा घेतली नाहीस. ती अजून दाराशी टांगलेली आहे. तिच्याखाली आई रोज चपला काढते, पण तिला हात लावत नाही.

एका कवितेपायी दोन सत्तरीची माणसं बोलत नाहीत, हे मी ऑफिसात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

खार


६ फेब्रुवारी

माझ्या खारूताई,

जग चांगलं आहे गं! उगाच लोक नावं ठेवतात.

आधी माझी प्रगती ऐक. मी आठ कविता चढवल्या. पहिल्या तीन कुणालाच दिसेनात. मग कळलं, मी मोठ्या निष्ठेने मसुदेच जतन करत होतो. 'जतन' हा शब्द पाहिला की माझं मन तिकडेच ओढ घेतं. वर कॉफीच्या कपाचा फोटो आहे तो कोणाचा? मी कॉफी पीत नाही. तिथे पवनचक्की लावता आली तर बघ.

घर उघडलं तेव्हा आत एक लेख आधीच लिहिलेला होता, आणि त्याखाली एका गृहस्थांची प्रतिक्रिया: 'नमस्कार, ही एक प्रतिक्रिया आहे.' मला ही नम्रता फार भावली. मी त्यांना सविस्तर उत्तर लिहिलं, ख्यालीखुशाली विचारली. अजून उलट टपाल नाही. संकोची स्वभाव असावा.

पण इतर मंडळी! एक बाई लिहितात, 'आपला लेख अप्रतिम आहे, मला हवी असलेली सर्व माहिती मिळाली,' आणि शेवटी बुटांच्या दुकानाचा पत्ता. मी कळवलं, बूट आहेत, पण आपण कोणत्या शाळेत होतात? दुसऱ्या एका भल्या माणसाने टकलावरच्या औषधाची माहिती आपणहून पाठवली. त्याला माझा फोटो कुठे दिसला कोण जाणे. तिसरे छपरं दुरुस्त करतात. त्यांना लिहिलं की आमच्या शाळेचं छप्पर पावसात दुसरीच्या बाजूने गळायचं आणि आम्हा सगळ्यांना चौथीत सरकवून बसवायचे. तुझ्या आईची पवनचक्की मी पहिल्यांदा ऐकली ती तशीच, ओल्या चड्डीने, तिच्या बाकाच्या टोकाला बसून.

रोज सकाळी टेबलाशी बसून उत्तरं लिहितो. नोकरीत होतो तेव्हासारखं वाटतं.

मामा


१४ फेब्रुवारी

अरे मामा!

ते गृहस्थ नाहीत! ती नमुन्याची प्रतिक्रिया आहे, सॉफ्टवेअरसोबत फुकट येते. आणि बुटांच्या बाई, टकलाचे भले, छपराचे कारागीर, ही सगळी यंत्रं आहेत. जगभर असल्या मजकुराचा सडा घालत फिरतात. तू त्यांना 'मंजूर' करून उत्तरं दिलीस, म्हणून त्यांची सगळी वऱ्हाडं तुझ्याकडे मुक्कामाला आली. परवा वेबसाइट उघडायला इतका वेळ लागला की मी मध्ये चहा करून आले.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी बसून मी हे केलं:

कॉफी गेली, पवनचक्की आली. कविता इयत्तांप्रमाणे लावल्या. शोधायला चौकट दिली. ऐकायचं बटण मोठं केलं, कारण ऐकणारे तुझ्या वयाचे असणार. फाइली हलक्या केल्या, त्यामुळे आता फोनवरही पटकन ऐकू येतं. आणि मुख्य म्हणजे दारात एक चाळणी बसवली. संशयास्पद प्रतिक्रिया ती आपोआप एका टोपलीत टाकते, आणि टोपली दर महिनाअखेरीला रिकामी होते. तिच्यात हात घालू नकोस. उत्तरं तर अजिबात लिहू नकोस.

ही सगळी कामं चालू असताना तुझा आवाज घरभर घुमत होता. आई बाजारात गेली असेल असं मी धरून चालले. हल्ली तीही कानात बोंडं घालून फोन ऐकत बसते. काय ऐकतेस विचारलं तर "बातम्या" म्हणते. बातम्या ऐकताना माणूस मान डोलावतो का?

खार


२ एप्रिल

प्रिय खार,

तुझी चाळणी फार चांगली आहे. इतकी चांगली की आता कोणीच येत नाही.

अगदीच कोणी नाही असं म्हणू नये. एक निवृत्त नर्सबाई आल्या. त्यांनी दुसरीच्या कवितेची त्यांच्या शाळेतली चाल पाठवली, फार गोड. एका बसच्या ड्रायव्हरने लिहिलं की गाडी लावून ठेवली की तो ऐकतो. त्यांना उत्तरं गेली. पण दिवसचे दिवस दार वाजत नाही, आणि मी टेबलाशी बसून 'एकूण प्रतिक्रिया' या आकड्याकडे बघत राहतो. तो आकडा माझ्याकडे बघतो.

बुटांच्या बाई खोट्या होत्या हे मान्य. पण सकाळी कोणीतरी 'अप्रतिम' म्हणत होतं, हे तर खरं होतं.

तुझ्यापासून काय लपवू? चाली जगाला ऐकवायच्या, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं नाही. पण जगाचं मला तेवढं नाही. एका माणसाच्या कानावर पडाव्यात, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. वर्गातली बाकीची पोरं कुठे गेली, कोण उरलं, मला माहीत नाही. त्या खोलीतली छप्परगळती, तो खडूचा वास, ती खिडकी आठवणारी माणसं या जगात आता दोनच आहेत, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. मला वाटलं, फिरत फिरत ऐकेल. इतक्या महिन्यांत ऐकलं असतं तर एक शब्द तरी आला असता.

महिनाअखेरीला वेबसाइट बंद करून टाक. रिकाम्या वर्गात माझ्याने कविता म्हणवत नाही.

मामा


९ एप्रिल

मामा,

बंद करणार नाही. तू माझा मामा असलास तरी मी तुझी वेबमास्तर आहे, आणि मास्तरांचं ऐकायचं असतं.

आईचं सांगू? ती तुझ्याबद्दल विचारत नाही. पण तुझं पाकीट आलं की मी घरी येईपर्यंत ते टेबलाच्या अगदी मधोमध असतं, सरळ, वर काही न ठेवलेलं. विजेच्या बिलाला हा मान मिळत नाही.

काल मी मुद्दाम म्हटलं, "मामा वेबसाइट बंद करतोय म्हणे." म्हटलं आणि जीभ चावली, कारण तिला वेबसाइटबद्दल काही माहीत असायचं कारणच नव्हतं. ती "कोणती?" म्हणाली नाही. "करू दे," म्हणाली. "ज्याला दुसऱ्याचं एक वाक्य छापायचं जिवावर येतं, त्याने दुकान उघडावंच कशाला?"

याचा अर्थ मला लागला नाही. विचारलं तर तिने मिक्सर सुरू केला. तुला लागतो का बघ.

खार


१७ एप्रिल

खारूताई, खारूताई,

सापडलं!

तुझं पत्र वाचलं, अर्थ मलाही लागेना. 'छापायचं जिवावर येतं.' मी काय छापलं नाही? मग आठवली टोपली. तू हात घालू नकोस म्हणाली होतीस. पण बाळा, मी नोकरीची निम्मी वर्षं टपालात काढली, आणि तीही पत्ता न लागलेल्या पत्रांच्या खोलीत. 'विहिरीजवळच्या आत्यास', 'मोठ्या डोळ्यांच्या मास्तरांस', असले पत्ते. आमच्या साहेबांचा एकच दंडक होता: उघडून पाहिल्याशिवाय काही जाळायचं नाही. इतके दिवस मी तुझं ऐकलं. त्या दिवशी साहेबांचं ऐकलं.

टोपली उपसायला बसलो. बूट, छपरं, टक्कल, लॉटरी. आणि मध्येच एक ओळ:

'चाल चुकली आहे.'

पुढे घड्याळं, पुन्हा बूट. आणि पुन्हा: 'चाल चुकली आहे.' पहिलीच्या कवितेखाली, तिसरीच्या कवितेखाली, नर्सबाईंनी पाठवलेल्या चालीखालीसुद्धा! नावाच्या जागी 'श्रोता'. तीच ओळ, तोच पूर्णविराम. त्या तुझ्या शहाण्या चाळणीला वाटलं असणार, एकच वाक्य सगळीकडे चिकटवतंय म्हणजे यंत्रच.

यंत्र! अगं, त्या पूर्णविरामाला मी लहानपणापासून भितो.

पवनचक्कीखालची सगळ्यांत लांब होती. ती जशीच्या तशी उतरवतो:

'चाल चुकली आहे. तिसऱ्या कडव्यात खोकला येतो. कोरडा आहे. कोमट पाण्याने गुळण्या करा आणि पंखा डोक्यावर लावून झोपू नका.'

मी पंखा डोक्यावर लावून झोपतो, हे बुटांच्या बाईंना माहीत असायचं कारण नाही.

एकेका ओळीवर जाऊन 'हे स्पॅम नाही' दाबत गेलो. बाहेर उजाडून भाजीवाली ओरडून गेली तरी मी दाबतच होतो. आधीच्या महिन्यांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या, त्यात किती गेल्या कोण जाणे. फार वाईट वाटतं. पण जेवढ्या हाताला लागल्या तेवढ्या सगळ्या आता जगाला दिसतात. माझ्या प्रत्येक कवितेखाली लिहिलं आहे की माझी चाल चुकली आहे, आणि मी इतका आनंदात कधी नव्हतो.

आता काय करू ते सांग. गुळण्या सुरू केल्या आहेत.

मामा


२२ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मी आईसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. ती वाटाणे सोलत होती. 'पूर्णविरामाला भितो' इथपर्यंत आले तेव्हा एक वाटाणा टेबलाखाली गेला. ती उचलायला वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

मग संवाद झाला तो असा.

मी: "श्रोता तूच ना?"

आई: "घरात माझ्या भावाचा आवाज येतो आणि मी ऐकायचं नाही? तू कॉम्प्युटर उघडा टाकून गेलीस, पत्ता वरच लिहिलेला होता."

"पण तू तर मामाशी बोलत नाहीस."

"मी कुठे त्याच्याशी बोलले? मी वेबसाइटशी बोलले."

"आणि सगळीकडे एकच वाक्य?"

"सगळीकडे एकच चूक, मग वाक्यं वेगळी कुठून आणू?"

"नर्सबाईंचीसुद्धा चाल चुकली?"

"त्यांची जास्त."

तिने दोन महिने लिहिलं, मामा. रोज बघायची आणि आपलं वाक्य कुठेच दिसायचं नाही. तिला वाटलं, तू वाचतोस आणि मुद्दाम दाबून टाकतोस. "ड्रायव्हरचं छापतो, सख्ख्या बहिणीचं नाही!" तुला वाटत होतं ती ऐकत नाही, तिला वाटत होतं तू ऐकत नाहीस. आणि मध्ये माझी चाळणी. मी हे सांगितल्यावर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की ती चौथीत असताना मागच्या बाकावरची मुलं कशी गप्प होत असतील ते कळलं.

पण मग स्वतःच पदर सारखा करून म्हणाली, "आता आलंच आहे सगळं बाहेर, तर बरोबर चाल तरी लोकांना कळू दे. घे, लाव ते यंत्र."

आम्ही रेकॉर्ड केलं. दारं-खिडक्या लावून, शेजाऱ्यांना रेडिओ बंद करायला सांगून. मी आता पवनचक्कीच्या पानावर दोन बटणं लावली आहेत. डावीकडे 'त्याची चाल', उजवीकडे 'तिची चाल'. ऐक. आणि पुढचं पत्र मला लिहू नकोस. मी पोस्टमन नाही.

खार


३० एप्रिल

प्रिय ताई,

या दोन शब्दांवर मी चहा थंड केला.

तुझी चाल ऐकली. पुन्हा ऐकली. शेवटच्या कडव्याला,

*वारा पडला, पाती थांबली,*
*टेकडी झाली मुकी;*
*दार उघडुनी म्हणे म्हातारा,*
*"उद्या फिरशील ना, चक्की?"*

तू 'उद्या'वर जो सूर उचलतेस, त्याने आमच्या जिन्यातून वर येणारा दूधवाला थांबला. तुझा आवाज आहे तसाच आहे. गळक्या छपराखाली तुझ्या बाकाच्या टोकाला बसलेल्या बुटक्याला पुन्हा ऐकू आला.

पण ताई, मी ऐकलं ते मी ऐकलं. मी चौथीत आलो तेव्हा बाई शेवट खालीच न्यायच्या. सगळं वर्ष खडीसाखर तोंडात, घसा बसलेला, 'म्हातारा' म्हणताना तर नुसता श्वास निघायचा. आम्ही सगळे तसंच शिकलो. खोटं कशाला सांगू?

खोकला कमी आहे. पंखा सरकवला.

तुझा भाऊ


११ मे

बुटक्या,

पंखा सरकवलास ते बरं केलंस. आता हे नीट वाच, कारण मी एकदाच लिहिणार आहे.

बाईंचा घसा बसला होता हे मला आज कळतंय. तू चौथीत आलास तेव्हा मी मोठ्या शाळेत गेले होते. माझ्या वर्षी त्या रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा म्हणायच्या. "वारा पडला तरी सूर पडू द्यायचा नाही, मुलींनो," म्हणायच्या. गळ्यात आवाजच उरला नाही तर वर नेणार काय? म्हणजे दोन वर्षांत चाल बदलली नाही, बाई दमल्या. वाढदिवसाच्या दिवशी 'खडीसाखर' एवढा एक शब्द बोलला असतास तर मी गप्प बसले असते. तू म्हणशील, बसली नसतीस. ते सोड.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. काल आपल्या पानावर कोणी एक गृहस्थ उगवले आहेत. यंत्र नाही, मी खारेकडून खात्री करून घेतली. लिहितात:

'दोन्ही चाली ऐकल्या. दोन्ही चुकीच्या आहेत. शेवटचं कडवं म्हणायचं नसतं, नुसतं बोलायचं असतं. आमचे गुरुजी तसंच शिकवत.'

दोन्ही!

नुसतं बोलायचं म्हणे! मग काय बाई आम्हाला बातम्या वाचायला शिकवत होत्या? कोण हे गुरुजी? खार म्हणते, "दुर्लक्ष कर आई." मी म्हटलं, तू गप्प बस, हा आमच्या शाळेचा प्रश्न आहे. मी उत्तर लिहायला बसले होते, पण माझ्या एकटीच्या तोंडून ते बरं दिसणार नाही. दोघांच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला हवं, म्हणजे त्यांना कळेल की या वर्गात अजून दोन माणसं बसली आहेत.

शनिवारी सकाळच्या बसने ये. तुझी छत्री दाराशीच आहे. आज झटकून ठेवली. खडीसाखर आणली आहे.

शेवट वर न्यायचा की खाली, ते इथे आलास की भांडून ठरवू.

ताई